धाकटीने आधी उचलावे

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर, सोमवार, ता. ३ ऑक्टोबर १९२७

चि. सौ. गौरम्मा हीस गुरप्पाचे अनेक आशीर्वाद.

आज सोमवार, घाणा बंद. हरण्या गोठ्यात पाय दुमडून बसला आहे, म्हणून मला लिहायला सवड. इकडे सर्व खुशाल. अव्वाचे गुडघे दुखतात पण तोंड दुखत नाही, त्यावरून प्रकृती ठीक आहे असे समजावे.

अप्पा लिंगैक्य होऊन दोन महिने झाले. काल वकीलसाहेबांनी घरी येऊन मृत्युपत्र वाचले. थोरले काका भाऊबंदांतल्या चौघांना घेऊन न बोलावता आले होते. सगळी मिळकत अप्पांनी स्वतःच्या कष्टाने केलेली, तेव्हा ती कोणाला द्यायची हा त्यांचा हक्क. त्यांनी लिहिले आहे, 'मला तीन मुले, म्हणून वाटे तीन.' तिसरे नाव तुझे निघाले तेव्हा थोरल्या काकांचा विडा गालातच राहिला. लेकीला जमीनजुमला देणारा आपल्या पेठेत आजवर कोणी निघाला नव्हता.

मिळकत तुला ठाऊकच आहे: राहते घर, तेलाचा घाणा व त्याची जागा, आणि तुमच्या दुधनीजवळचे सहा एकर. अव्वाने घरातच राहावे, मग घर कोणाच्याही वाट्याला जावो. भांडीकुंडी, सामान त्या त्या वाट्यात बसवून तिन्ही सारखे करायचे काम माझ्यावर. उचलताना मात्र धाकटीने आधी, मग मधल्या कल्लप्पाने, आणि राहील तो थोरल्याचा. लहानपणी गुळाचा खडा मी फोडायचा आणि आधी तू उचलायचीस, तोच कायदा अप्पांनी वकिलाकडून लिहून घेतला. शिवाय ताकीद आहे की अमुक घे, तमुक घे असे कोणी कोणास सुचवू नये. पाडव्याला सकाळी उचलायचे ठरले आहे. मास्तरांना घेऊन ये, भाऊबीज करूनच जा.

माझी काळजी करू नकोस. बावीस वर्षे घाण्याच्या बैलामागे फिरलो आणि होतो तिथेच आहे. आता स्टेशनाकडे एंजिनावर चालणारी तेलाची गिरणी निघाली आहे. घाणा कोणी का घेईना, मला त्याचे काही नाही. उलट सुटलो म्हणेन.

कळावे, लोभ असावा.

तुझा अण्णा, गुरप्पा शिवलिंगप्पा

⁂

दुधनी, ता. ७ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप अण्णांस गौरम्माचे शरणु शरणार्थ.

पत्र पोचलं. मी ते तीनदा वाचलं आणि मास्तरांनी सात वेळा. 'दुधनीजवळचे सहा एकर' या ओळीवर त्यांचं बोट झिजलं असेल. कागद घेऊन त्यांनी नकाशाही काढलाय, विहिरीकडेला सीताफळीची झाडं, बांधाला बोरी, आणि मधे एक खोपटं, जिथं बसून ते म्हणे पोरांच्या वह्या तपासणार. चौदा वर्षं खडूनं हात पांढरे केले, आता मातीनं काळे करीन म्हणतात. मी म्हटलं, अजून उचललं कुठंय? तर म्हणाले, तू काय घाणा उचलणारेस?

अण्णा, खरं सांगते, अप्पांनी माझं नाव लिहिलं हे वाचून मी चुलीपाशी बसून रडले. शेतासाठी नाही. तीन मुले असं लिहिलं ना त्यांनी, दोन मुलं आणि एक मुलगी असं न लिहिता, त्यासाठी.

तुम्ही घाण्यातून सुटणार हे वाचून बरं वाटलं. तुमची कंबर धरते, वैनीनं मागं सांगितलं होतं. आता जरा बसून खा. काकांना सांगा, विडा गिळून टाका, नाहीतर ठसका लागेल. आम्ही पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं पोचतो. अव्वाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवायला सांगा. दुधनीत शेंगा तितक्याच असतात पण चटणी तशी होत नाही.

तुमची गौरम्मा

⁂

सोलापूर, सोमवार, ता. १० ऑक्टोबर

चि. सौ. गौरम्मास आशीर्वाद.

वाटे पाडले. एक नक्कल तुला, एक पुण्यास कल्लप्पाला, एक वकीलसाहेबांना.

पहिला वाटा. घर, पाच खणांचे, आडासह. आतली भांडी.

दुसरा वाटा. शेत सहा एकर. विहीर एक. औते.

तिसरा वाटा. घाणा, चिंचेच्या लाकडाचा. अप्पांनी दुष्काळ सरल्यावर बसवला. गेल्या वर्षी आतली दाणा रगडणारी लाट नवी बसवली, बाभळीची, ती मी स्वतः वैरागहून पारखून आणली, अजून कुरकुरत नाही. घाण्याची जागा व पुढचा ओटा. ओट्यावर दुपारी ऊन येत नाही, गिऱ्हाईक बसते. हरण्या बैल, वय नऊ, डावीकडून फिरणारा. त्याला झापड बांधताना कानामागे खाजवावे लागते, नाहीतर दिवसभर रुसतो. करडईचे पोते ओतले की पहिल्या धारेचे तेल वेगळे काढावे. पितळी मापे पाच, तांब्याचे दोन हंडे, अव्वाच्या माहेरचे मोठे पितळी घंगाळ, घरातला शिसवी पलंग, आणि शेतातली दुभती म्हैस.

तिसऱ्या वाट्यात वस्तू जास्त वाटतील. पण घाणा हल्ली कमी लेखतात, म्हणून वजन सारखे करण्यासाठी बसवल्या. वकीलसाहेब म्हणाले, गुरप्पा, हा तर सगळ्यांत जड झाला. मी म्हटले, होऊ दे.

तुझी वैनी पार्वतम्मा पलंगापायी रुसली आहे, माझ्याशी बोलत नाही. बाकी ठीक.

तुझा अण्णा

⁂

पुणे, ता. १३ ऑक्टोबर

प्रिय गौरम्मा,

अण्णांची यादी मिळाली असेल. वाचून मी कचेरीत एकटाच हसलो, हेडक्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं. दिवाळीला मला रजा नाही. साहेब म्हणतात, गेल्या वर्षी गेला होतास. म्हणून माझी पसंती मी वकीलसाहेबांना लेखी पाठवतोय.

आता एक गंमत. त्या गिरणीवाल्या शेटचा माणूस मला इथं भेटून गेला. त्याला गोडाऊनला जागा हवीय आणि आपला घाण्याचा ओटा त्याच्या डोळ्यात भरलाय. घाणा मोडून लाकूड सरपणाला, जागा त्याला, बैल बाजारात. येतील त्या पैशांतून अण्णांना किराणा दुकान टाकून देतो. गादीवर बसायचं, तराजू धरायचा, अंगाला तेलाचा वास नाही. अण्णा आपल्या तोंडानं तर काही मागायचे नाहीत, आपणच त्यांना सोडवलं पाहिजे. त्यांना कार्ड टाकून विचारलंसुद्धा. उत्तर आलं, 'जरूर घ्यावा. माझी काही हरकत नाही.' दोनच ओळी.

तू शेतच घेणार हे अख्ख्या दुधनीला ठाऊक आहे, तेव्हा घाणा माझ्यासाठी मोकळाच राहतो. सुचवायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी सुचवत नाही, फक्त कळवतो.

तुझा कल्लप्पा

⁂

दुधनी, ता. १६ ऑक्टोबर

प्रिय कल्लण्णा,

तू कळवलंस, मीही कळवते.

यादी पुन्हा काढ आणि वाच. घराला एक ओळ, शेताला एक ओळ. ज्या घरात जन्मले त्याला 'पाच खणांचे, आडासह'. आणि घाण्याला अर्धं पान. ज्याला सुटायचंय तो माणूस बैलाच्या कानामागं कसं खाजवायचं हे मृत्युपत्राच्या यादीत लिहितो होय रे? वकीलसाहेबांनी ते शिक्का मारून ठेवलं असेल, मला त्यांची दया येते.

तुला गूळ आठवतो का? अण्णा खडा फोडायचे. त्यांना शेंगदाणे चिकटलेला तुकडा आवडायचा. म्हणून तोच ते सगळ्यात मोठा ठेवायचे, कोणी म्हणायला नको की स्वतःसाठी राखला. आणि मी हावरट, तोच उचलायची. ते बोट चाटत बसायचे आणि म्हणायचे, मला गोड सोसत नाही. आपण दोघंही ते खरं मानत आलो. आत्तासुद्धा त्यांनी लिहिलं सुटलो आणि मी मूर्ख, 'बसून खा' म्हणून कळवलं.

त्यांना घाणा हवाय, कल्लण्णा. दुसरं काही नकोय. तो मोडला तर गादीवर बसून ते वर्षभरात म्हातारे होतील. घर घे, घर चांगलं आहे.

मी काय उचलणार ते विचारू नकोस.

गौरम्मा

⁂

पुणे, ता. २० ऑक्टोबर (कार्ड)

गौरम्मा, तुझं पत्र वाचलं. तू लई मनाला लावून घेतेस. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात हो लिहिलंय, आता मी त्यांच्या अक्षराला मानू की तुझ्या गुळाला? वकीलसाहेबांना पसंती टपालात टाकली, आधी घाणा, तो गेला असल्यास घर. दिवाळीचा फराळ मात्र पाठव, नाहीतर सावत्र समजेन. कल्लप्पा

⁂

सोलापूर, ता. ३० ऑक्टोबर

प्रिय कल्लण्णा,

फराळाचा डबा निघालाय. आता नीट बस आणि वाच, कारण तू घराचा मालक झालायस.

पाडव्याला सकाळी सोप्यात घोंगडी अंथरली. तीन पानांवर तीन सुपाऱ्या. एका पानापाशी घराची किल्ली, एकापाशी शेतातल्या मातीचं ढेकूळ, एकापाशी घाण्यातल्या पेंडीचा तुकडा. काका चौघांना घेऊन हजर, विडा घरूनच खाऊन आलेले. वकीलसाहेब म्हणाले, बाई, उचला. मास्तरांनी खिशातला नकाशा काढून मांडीवर ठेवला होता. मी मातीकडं पाहिलं, मला ती हवी होती रे, खोटं कशाला बोलू. मग पेंड उचलली.

पहिली बोलली ती अव्वा. म्हणाली, "पोरी, तुला घाणा कशाला गं? बैलामागं काय मास्तर फिरणार हाय का?" मास्तर उठले, छत्री घेतली आणि बाहेर निघून गेले. पाऊस नव्हता.

मग तुझं पाकीट फोडलं. घाणा गेलेला, म्हणून घर तुझं. अण्णांना राहिलं शेत. ते मला म्हणाले, बरं केलंस, आणि हरण्याला पाणी दाखवायला गेले. तासभर पाणीच दाखवत होते. मी वैनीला खिडकीतून बघायला लावलं. वैनी म्हणाली, नुसते उभे आहेत, बादली कधीच रिकामी झालीय.

मला वाटलं होतं, आता सोपं आहे. दुपारी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, अण्णा, बदल करू, घाणा तुम्हाला, शेत मला. ते माझ्यावर असे कडाडले की परातीतून लाडू खाली पडला. म्हणाले, "बहिणीच्या वाट्याला आलेलं मागून घेणारा भाऊ नाही मी. काका गावभर सांगतील, गुरप्पानं आधीच ठरवून बहिणीला पुढं केलं." मी म्हटलं, मग माझा घाणा तुम्ही चालवा. म्हणाले, बहिणीच्या घाण्यावर मी गडी म्हणून राहू? ही घे घाण्याची किल्ली, हरण्याला चारा सहा पेंढ्या लागतो, बास. आणि जेवायला आले नाहीत.

कल्लण्णा, मी फार घाबरले. तू घेतला असतास तर घाणा मोडला असता, पण तो तुझ्या हातून मोडला असता. आता तो माझ्या हातात बंद पडणार होता. मास्तरांची जमीन मी घालवली, अण्णांचा घाणा घालवला, आणि अप्पांनी मोठ्या विश्वासानं पहिला मान मला दिला होता. मी अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. अव्वा केसांतून हात फिरवत नेहमीसारखी बडबडत होती, उद्या भाऊबीज हाय, तोंड सुजवून ओवाळशील व्हय भावाला, भाऊ वर्षभर काय बी नाही म्हणंल पण ताटापुढं नाही म्हणत नसतो. मी उठून बसले. तिला पुन्हा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांना पाटावर बसवलं. काकांना मुद्दाम बोलावलं, चौघांसकट. अण्णा मान खाली घालून बसले होते. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी कनवटीला हात घातला, चांदीचा रुपया काढायला. मी म्हटलं, रुपया नको. यंदा माझी ओवाळणी मी मागणार. ते म्हणाले, माग. मी म्हटलं, शेत.

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही रे. म्हणाले, "दिलं." छाती अशी पुढं काढली की दोन दिवसांत पहिल्यांदा मला ते अण्णा दिसले. काकांकडं वळून म्हणाले, ऐकलंत ना, सहा एकर माझ्या बहिणीला ओवाळणीत घातले. काका काय बोलणार, गुरप्पा आता भिकेला लागला एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग मी ताटातला नारळ घेतला. ओवाळल्यावर बहीण भावाच्या हातात नारळ देते, रिकाम्या हातानं त्याला पाटावरून उठवत नाही, हे काकांनासुद्धा ठाऊक आहे. नारळाखाली मी घाण्याची किल्ली ठेवली होती. दोन्ही एकदम त्यांच्या ओंजळीत घातली आणि म्हटलं, अण्णा, हा माझा नारळ. परत करायचा तर माझ्या तोंडावर करा, पाटावर बसून करा, अव्वासमोर करा.

ते किल्लीकडं बघत राहिले. मग नारळ कपाळाला लावला आणि ढसाढसा रडायला लागले. बावीस वर्षांत त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं, अप्पा गेले तेव्हासुद्धा नाही. वैनी रडली, मी रडले. वकीलसाहेब अदलाबदलीचे कागद करून देतो म्हणाले आणि चौथा लाडू घेतला. मास्तर तेवढ्यात छत्रीसकट दारात. आत काय झालं ते कळायच्या आधीच त्यांनी रडायला सुरुवात केली, कारण नकाशा त्यांनी आदल्या दिवशी फाडून टाकला होता. आता गाडीत बसून नवा काढणार आहेत.

राहिलास तू. घर तुझं, पण त्यात अव्वा आहे, अण्णा आहेत, वैनी आहे. तेव्हा गिरणीवाल्या शेटला सांग, ओटा विसरा. आणि रागावला असशील तर सरळ लिही. गुळाला तू हसलास, पण मी हसत नाही. मला अजून लाज वाटते, इतकी वर्षं मी तोच तुकडा उचलत होते.

तुझी गौरम्मा

⁂

पुणे, ता. ३ नोव्हेंबर (कार्ड)

गौरम्मा, रागावलो होतो, चकल्या संपेपर्यंत. शेटच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. अण्णांना वेगळं पत्र लिहायला घेतलं, चारदा फाडलं. त्यांनी हो लिहिलं ते मला सोयीचं होतं म्हणून मी पुढचं विचारलं नाही, एवढंच खरं. घराचं भाडं मी अव्वाकडून वर्षाला एक डबा शेंगाची चटणी ठरवलंय, तिला कळव. कल्लप्पा

⁂

सोलापूर, सोमवार, ता. ७ नोव्हेंबर

चि. सौ. गौरम्मा हीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचे मास्तरांचे पत्र आले. त्यातच नकाशा होता. विहीर त्यांनी चुकीच्या बाजूला काढली आहे, त्यांना सांग.

सोबत करडईच्या पहिल्या धारेच्या तेलाचा डबा गार्डाच्या ओळखीने पाठवला आहे. पलंग पार्वतम्माला परत दिला, आता ती बोलते. घंगाळ तुझ्यासाठी बाजूला काढले आहे. म्हैस शेतात होती ती शेतातच राहू दे, मी ती उगाच ओढून इकडे लिहिली.

एक गोष्ट लिहायची आहे, ती तोंडाने जमली नाही. वाटे पाडताना तीन रात्री मला झोप नव्हती. घाण्याचा वाटा हलका ठेवला असता तर तुम्ही दोघांनी तो सोडला असता आणि तो मलाच आला असता. ते मला पहिल्याच दिवशी उमगले होते, आणि उमगले म्हणूनच भीती वाटली. मग जे दिसेल ते त्या वाट्यात टाकत गेलो. तुला आणि कल्लप्पाला लिहिले ते खोटे होते. मला तो हवा होता. एवढे लिहायला मला बेचाळीस वर्षे लागली, तेव्हा अक्षर वाकडे आले असेल तर समजून घे.

काकांना मी ओवाळणीची हकीकत स्वतः जाऊन पुन्हा सांगितली, त्यांच्या ओट्यावर बसून, चार माणसांत. ते म्हणाले, शिवलिंगप्पाने पोरीला वाटा दिला तेव्हा मी चूक म्हणालो होतो. मग चहा मागवला. मीही चहा घेऊन उठलो.

काल मोहोळचे एक जुने गिऱ्हाईक आले. दोन डबे तेल हवे म्हणाले, भाव विचारला. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, थांब, अप्पांना विचारून सांगतो. आणि आत गेलो. आत गेल्यावर आठवले. थोडा वेळ त्यांच्या जागेवर बसलो. मग बाहेर येऊन भाव मीच सांगितला. अप्पा सांगायचे त्याहून पैसा जास्तच सांगितला. त्याने मुकाट्याने दोन्ही डबे उचलले.

तुझा अण्णा